जुन्या जीपचं अस्तर खरवडायला गॅरेजच्या पोराला बसवू नका

एरंडोल हे हायवेचं गाव. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ (आता त्याचा क्रमांक ५३) या गावाच्या अंगाने जातो, आणि अशा गावात दवाखान्यांपेक्षा गॅरेजं नेहमीच जास्त असतात. कासोदा, धरणगाव, भडगावकडे माणसं कोंबून धावलेल्या काळ्या-पिवळ्या जीप, शेतावर झिजलेल्या महिंद्राच्या जीप, लिंबाखाली वर्षानुवर्षं उभी असलेली एखादी फियाट किंवा अॅम्बॅसेडर. इतकी वर्षं हे सगळं भंगार समजलं जायचं. आता चित्र बदललं आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणायची असते, लग्नाच्या वरातीला जुनी फियाट हवी असते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अशी वेगळी नोंदणी मालिकाच सुरू केली. हौसेला कायद्याचा शिक्का मिळाला. चांगली गोष्ट आहे, मलाही जुन्या गाड्या आवडतात.

पण या हौसेबरोबर एक प्रश्न दवाखान्यात येऊ लागला आहे. “डॉक्टर, गाडीचं आतलं जुनं अस्तर काढायचंय. त्यात ॲस्बेस्टॉस असतं म्हणे. मास्क लावला की झालं ना?”

नाही, तेवढ्याने होत नाही. मास्कविषयी पुढे बोलूच. पण त्याआधी माझा उलटा प्रश्न असतो: काढणार कोण? कारण बहुतेक वेळा उत्तर येतं, “मी नाही हो, गॅरेजवाल्याकडे देणार आहे.” आणि गॅरेजवाला ते काम कोणाला देतो? सगळ्यात लहान पोराला. इंजिन उघडायची अजून त्याची लायकी नाही, पण पत्रा घासायला, खरवडायला तो चालतो. म्हणजे वाचून-सवरून काळजीत पडलेला मालक पुण्याला परत जातो आणि ज्याने ॲस्बेस्टॉस हा शब्दही ऐकलेला नाही तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा गाडीखाली आडवा होऊन ती धूळ तोंडावर घेतो. या लेखात माझा आक्षेप आहे तो यालाच.

ॲस्बेस्टॉस म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. तो दगडच आहे, खाणीतून निघणारा. पण असा दगड की जो कापसासारखा पिंजता येतो. तंतू निघतात, त्यांची दोरी वळता येते, कापड विणता येतं, आणि ते जळत नाही. त्यामुळे विसाव्या शतकात जिथे जिथे उष्णता अडवायची तिथे तिथे तो वापरला गेला: बॉयलर, जहाजं, रेल्वे, भट्ट्या आणि मोटारी. हा तंतू उभा चिरत जातो, अधिकाधिक बारीक होतो. डोळ्यांना दिसतच नाही असा, केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक तंतू हवेत तासन् तास तरंगतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोहोचतो. तिथे आपल्या शरीराच्या सफाई कामगार पेशी त्याला गिळायला जातात, पण तंतू त्या पेशीपेक्षा लांब असेल तर ती पेशीच अर्धवट गिळून फाटते. तिच्यातून दाह निर्माण करणारी रसायनं बाहेर पडतात. तंतू मात्र तिथेच. ही लढाई वर्षानुवर्षं चालते आणि फुफ्फुसात व्रणासारखी कडक जाळी तयार होत जाते. हा ॲस्बेस्टॉसिस. याशिवाय फुफ्फुसाचा कर्करोग, आणि फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरा म्हणजे क्रायसोटाइलसुद्धा, माणसात कर्करोग घडवतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निःसंदिग्धपणे मांडलेलं आहे.

आपल्याकडच्या लोकांना हे पटवणं अवघड का जातं, याचं कारण मला माहीत आहे. खान्देशातल्या माणसाला धुळीची सवय आहे. जिनिंगमध्ये रुई उडते, मळणीत भुसा उडतो, मे महिन्यात तर हवेतच माती असते. जिनिंगच्या धुळीने त्याच दिवशी छाती आवळते, खोकला येतो, शरीर लगेच तक्रार करतं. ॲस्बेस्टॉस तक्रार करत नाही. ग्लास वूलला हात लावला तर अंग खाजतं, म्हणून लोक ग्लास वूलला घाबरतात. ॲस्बेस्टॉस मऊ लागतं, खाजत नाही, वास येत नाही, शिंकही येत नाही. मेकॅनिक म्हणतो, “काही व्हत नही डॉक्टरसाहेब, वीस वर्षं झाली.” त्याच्या अनुभवापुरतं ते खरंच आहे. पण या आजाराचं घड्याळच वेगळं आहे: धूळ घेतल्यापासून आजार दिसेपर्यंत दहा-वीस वर्षं, मेसोथेलिओमात तर तीस-चाळीस वर्षंसुद्धा जातात. वीस वर्षं काही झालं नाही, हा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

स्टीव्ह मॅक्वीन हा हॉलिवूडचा नट माझ्या आधीच्या पिढीतल्या सिनेमावेड्यांना आठवत असेल. जुन्या आणि वेगवान गाड्यांचा त्याच्यासारखा शौकीन विरळा. १९८० साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो मेसोथेलिओमाने गेला. शर्यतीत घालायच्या अग्निरोधक कपड्यांतही त्या काळी ॲस्बेस्टॉस असे, पण त्याचा स्वतःचा संशय वेगळ्याच गोष्टीवर होता. तरुणपणी अमेरिकी मरीन दलात असताना त्याला जहाजाच्या नळ्यांवरचं ॲस्बेस्टॉसचं आवरण काढायच्या कामाला लावलं होतं. म्हणजे पुन्हा तेच: जुनं अस्तर, आणि ते काढायला बसवलेला सगळ्यात खालचा माणूस.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण इंटरनेटवर सगळं एकाच भीतीत मिसळलेलं असतं. गाडीत ॲस्बेस्टॉस दोन प्रकारच्या जागी असतं. एक, घासल्या जाणाऱ्या भागांत: ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटची फेसिंग. दोन, उष्णता अडवणाऱ्या भागांत: सायलेन्सरच्या नळीवर गुंडाळलेली दोरी, मॅनिफोल्डचं गॅसकेट, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचं अस्तर, कधी बॉनेटच्या आतली गादी. ब्रेक लावताना इतकी उष्णता तयार होते की लायनरच्या धुळीतला बराचसा तंतू दुसऱ्याच, तंतू नसलेल्या खनिजात बदलतो. ब्रेकचं काम करणाऱ्या मेकॅनिकांवर परदेशात झालेल्या अनेक पाहण्यांत मेसोथेलिओमाचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलेलं नाही, आणि यावर तज्ज्ञांमध्ये, त्याहून जास्त वकिलांमध्ये, वाद चालू आहे. याचा अर्थ ब्रेकच्या ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारावी असा नाही. नवा लायनर घासून बसवताना निघणारी धूळ तर जळलेली नसतेच.

पण अस्तराचं तसं नाही. त्यातला तंतू बदललेला नसतो, सैल असतो, आणि पन्नास वर्षांच्या उष्णतेने त्याला धरून ठेवणारा गोंद मात्र संपलेला असतो. बोट लावलं तरी भुगा होतो. जगभरात ॲस्बेस्टॉसने सगळ्यात जास्त कोण मेलं याची यादी काढली तर अस्तर लावणारे आणि काढणारे कामगार वरच्या रांगेत येतात. न्यूयॉर्कच्या डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी १९६० च्या दशकात याच इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास करून डॉक्टरांची झोप उडवली. पुढे १९७९ मध्ये त्यांच्या गटाने मांडलेला हिशोब मी प्रत्येक विडी ओढणाऱ्या मेकॅनिकला सांगतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका, ना धूम्रपान ना ॲस्बेस्टॉस अशा माणसाचा १ धरला, तर फक्त ॲस्बेस्टॉसवाल्याचा ५, फक्त धूम्रपानवाल्याचा ११ च्या आसपास, आणि दोन्ही असलेल्याचा ५० च्या वर. दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, त्यांचा जवळजवळ गुणाकार होतो. त्यामुळे धूळ घेऊन झाली असेल, ती परत काढता येणार नसेल, तरी विडी सोडणं अजून हातात असतं.

परदेशातल्या गोष्टी परदेशात, असंही कोणी म्हणू नये. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तपासलेल्यांपैकी पाचातल्या सुमारे एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला. युरोपीय संघात २००५ पासून सगळ्याच ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, अमेरिकेने २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम केला. भारतात ते अजून आयात होतं आणि त्यातलं बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जातं. (आमच्या घरावर तेच पत्रे आहेत, काय करू, हा पुढचा प्रश्न असतोच. अखंड पत्र्याखाली राहताय म्हणून घाबरू नका. तो ग्राइंडरने कापू नका, घासू नका, फोडू नका. त्याबद्दल वेगळं लिहीन.)

आता गाडीकडे. पहिली गोष्ट, जुन्या गाडीतलं प्रत्येक अस्तर ॲस्बेस्टॉस नसतं. आपल्याकडच्या गाड्यांत तागाचं फेल्ट, काथ्या, रबर, डांबरी चादर, ग्लास वूल असं काहीही सापडतं. सीटखालचं आणि गालिच्याखालचं बरंचसं असंच असतं. पण डोळ्यांनी बघून, बोटांत चुरून किंवा काडी लावून ‘हे ॲस्बेस्टॉस नाही’ असं कोणीही सांगू शकत नाही, मेकॅनिक नाही आणि मीही नाही. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. तपासणी करणार नसाल तर इंजिन आणि सायलेन्सरच्या जवळचं राखाडी-पांढरं, तंतूमय, कागदासारखं किंवा दोरीसारखं जे काही असेल ते ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी ऐकली जाणारी: काढायलाच हवं का? अस्तर अखंड असेल, सुटत नसेल, तर त्याला हात न लावणं हाच सगळ्यात सुरक्षित उपाय. त्यावर उष्णता सोसणारा रंग किंवा सीलरचा थर द्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा. दिसणारही नाही आणि उडणारही नाही. ‘सगळं उघडं करून नवं’ हा हौसेचा हट्ट आहे, गाडीची गरज नव्हे. आणि गंमत म्हणजे जुन्या गाडीची किंमत तिच्या जुनेपणातच असते.

पण अस्तर झडत असेल, आत बसलं की पायावर भुगा पडत असेल, तर काढावं लागेल. माझं मत असं आहे की थोडंच असेल, एखादी गादी किंवा हातभर दोरी, तर मालकाने ते स्वतः, नीट तयारीने काढावं. जास्त असेल, मोठ्या भागावर फवारलेलं किंवा चिकटवलेलं असेल, तर घातक पदार्थांच्या कामाची साधनं असलेल्या माणसांशिवाय करू नये. गॅरेजच्या पोराकडून कोणत्याही परिस्थितीत नाही.

स्वतः करायचं असेल तर पावसाळ्याचे किंवा थंडीतल्या पहाटेचे दिवस निवडा. आपल्या एप्रिल-मेचा वारा या कामाचा शत्रू आहे, आणि चव्वेचाळीस अंशांत कोणीही मास्क दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही. गाडी घरापासून, विहिरीपासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, उघड्यावर पण आडोशाला. खाली जाड प्लॅस्टिक. बॅटरीची वायर आधी सोडा, कारण यानंतरचं सगळं काम पाण्याने करायचं आहे. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा चमचाभर घाला आणि हाताच्या फवारणी बाटलीने अस्तर हळूहळू भिजवा. साबण अशासाठी की नुसतं पाणी तंतूंवरून ओघळून जातं, आत मुरत नाही. थांबा, पुन्हा भिजवा. शेतात फवारणी करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण गॅरेजवाल्यांना सांगावं लागतं: जोराचा झोत नको. वॉशिंग सेंटरचा पंप अस्तराचा चुरा करून तो सगळीकडे नेतो. पूर्ण ओलं झाल्यावर पातळ पात्याने, शक्य तितका अखंड तुकडा उचलायचा आणि सरळ पिशवीत सोडायचा. ग्राइंडर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कॉम्प्रेसरची हवा, कोरडा झाडू, घरातला व्हॅक्यूम क्लीनर: या कामापुरती ही सगळी अवजारं दुसऱ्या खोलीत कुलूप लावून ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर का नको, तर तो मोठा कचरा धरतो आणि सगळ्यात घातक बारीक तंतू मागून हवेत सोडतो. उरलेला पत्रा ओल्या फडक्यांनी पुसायचा आणि फडकीही त्याच पिशवीत टाकायची.

मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा म्हणजे काहीच नाही. दवाखान्यातला निळा मास्क म्हणजेही काहीच नाही. करोनाने घराघरांत पोहोचवलेला एन ९५ सुद्धा ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा मानला जात नाही. लागतो तो रबरी, चेहऱ्याला घट्ट बसणारा, बदलता येणाऱ्या पी १०० गाळणीचा मास्क, किंवा किमान एफएफपी ३ दर्जाचा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, म्हणून त्या दिवशी गुळगुळीत दाढी करा. आणि काम संपल्यावर मास्क सगळ्यात शेवटी काढा, कपड्यांच्या नंतर.

कपड्यांवर मुद्दाम थांबतो. १९६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोथेलिओमाच्या एका अभ्यासात असे रुग्ण सापडले ज्यांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. ते कामगारांच्या घरचे लोक होते. नवरा संध्याकाळी घरी येतो, बायको त्याचा शर्ट झटकते, मग धुते. तेवढंच. आपल्याकडे गॅरेजचे तेलकट कपडे घरी येतात, कोपऱ्यात टांगले जातात, दुसऱ्या दिवशी तेच घातले जातात, आणि आठवड्याने घरची बाई ते बाकीच्या धुण्यात घेते. म्हणून या कामाला टाकून द्यायचे जुने कपडे घाला, काढताना झटकू नका, ओले करून पिशवीत घाला. डोक्यावरून अंघोळ करून मगच घरात जा.

पिशवी जाड प्लॅस्टिकची, एकात एक अशा दोन, तोंड टेपने बंद आणि वर मोठ्या अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस, उघडू नका’. खताची विणलेली गोणी चालत नाही, तिच्या विणीतून धूळ येते. भंगारवाल्याला द्यायचं नाही. जाळायचं तर अजिबातच नाही: जे जळू नये म्हणूनच वापरलं ते शेकोटीत जळणार कसं? अंजनीच्या पात्रातही टाकायचं नाही. मग टाकायचं कुठे? इथे मला आपल्या व्यवस्थेचा राग येतो. २०१६ च्या नियमांनुसार उद्योगातून निघणारा ॲस्बेस्टॉसचा कचरा घातक कचरा आहे आणि अशा कचऱ्याच्या सामायिक जागा महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. एरंडोलचा माणूस एका पिशवीसाठी बुटीबोरीला जाणार आहे का? त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी शहरांत संकलन केंद्रं सांगितली आहेत. नगरपालिकेने तिथे अशा सीलबंद पिशव्या नोंद करून घ्याव्यात आणि वर्षातून एकदा प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत पुढे पाठवाव्यात, एवढी मागणी मोठी नाही. तोवर पिशवी सीलबंद ठेवा आणि नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्या. चार अर्ज गेले तर पाचव्या वेळी कोणीतरी वाचेल.

एकदाच, नकळत थोडी धूळ घेतली असेल तर घाबरून एक्स-रे काढायला येऊ नका. आठवड्यात, महिन्यात, वर्षात काहीही दिसणार नाही, आणि एकदाच्या थोड्या संपर्काचा धोका खरोखर कमी असतो. फुफ्फुस ‘धुऊन’ काढणारं औषध नाही. गूळ खाल्ल्याने धूळ निघून जाते हा समज जिनिंगपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे आहे. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात असते, दोघांची भेट होत नाही.

वर्षानुवर्षं हे काम केलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. चढ चढताना वाढत जाणारा दम, कोरडा खोकला, बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार होणं, ही लक्षणं असतील तर आमच्यासारख्यांनी स्टेथोस्कोप पाठीवर, खालच्या भागात लावून नीट ऐकायला हवं. वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा आवाज येतो. आपल्या भागात मात्र एक्स-रेवर डाग दिसला की आधी टीबी आठवतो, आणि थुंकीत जंतू सापडलेला नसतानाही गोळ्या सुरू होतात. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ किंवा ‘मजुरी’ लिहिलेलं असतं, वीस वर्षं सायलेन्सर गुंडाळल्याचं कुठेच नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद काम सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांतलं जे नंतरचं असेल तोवर ठेवायला सांगितलं. आजाराचं घड्याळ न्यायालयाला कळलं होतं. ॲस्बेस्टॉसिस हा भरपाई मिळू शकणारा व्यावसायिक आजारही आहे. पण हे सगळं कारखान्यांच्या हजेरीपटावरच्या माणसांच्या उपयोगाचं. दोन पोरं आणि एक उस्ताद अशा गॅरेजला ना हजेरीपट, ना नोंद.

म्हणून गॅरेजमालकांना एक सुचवतो. तुमच्याकडे कोण, कोणत्या साली कामाला लागला आणि काय काम करतो, हे एका वहीत लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत त्या मुलाला द्या. दहा वर्षांहून जास्त ब्रेक, क्लच, सायलेन्सरचं काम केलेल्यांनी एकदा तपासून घ्यावं: छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारायची स्पायरोमेट्री, गरज वाटली तरच एचआरसीटी. येताना जुने एक्स-रे असतील तर ते सोबत आणा, कितीही जुने असोत, रद्दीत घालू नका.